दप्तरखान्यांतील विद्यार्थी

महाविद्यालयाचें वय वाढत जातें, तसें त्याच्या कपाटांचें ओझेंही वाढत जातें. नांदेडचें पीपल्स महाविद्यालय 1950 सालीं निघालें, लातूरचें दयानंद महाविद्यालय 1961 सालीं. इतक्या वर्षांच्या संस्थांत प्रवेशाचे अर्ज, हजेरीपट, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, छायाचित्रें आणि वार्षिकांक साचतच जातात. प्रश्न एवढाच कीं, या संचयाला दप्तर म्हणावयाचें कीं रद्दी?

हा प्रश्न आतां विद्यार्थ्यांच्याही वांट्यास आला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पदवीच्या अभ्यासाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची जोड दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शनानुसार हें काम 60 ते 120 तासांचें असतें. तें कारखान्यांत किंवा बँकेंतच करावें असें नाहीं. आपल्याच महाविद्यालयाचें दप्तर लावणें आणि त्यांतून एखादा समारंभ उभा करणें, हेंही तितकेंच खरें काम होय.

दप्तराचा पहिला धडा संयमाचा. कागद ज्या क्रमानें सांपडले तो क्रम मोडावयाचा नाहीं. एका कागदाशेजारीं दुसरा कां ठेवला गेला, हाही इतिहासच असतो. टिपण करावयाचें तें पेन्सिलीनें, कारण सांडलेली शाई निघत नाहीं. गंजलेल्या टांचण्या हलक्या हातानें काढाव्यात. फाटक्या कागदाला चिकटपट्टी मात्र लावूं नये, कारण तिचा गोंद कांहीं वर्षांनीं पिवळा पडून कागदावर कायमचा डाग पाडतो. शेवटीं प्रत्येक पुडक्याची यादी करावी. यादी नसेल तर कागद असून नसल्यासारखा.

मराठवाड्यांत याहून कठीण अशी एक गोष्ट आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि तेथील कारभार उर्दूंत चाले. घरांतील अनेक जुने मराठी कागद मोडी लिपींत. आजचा विद्यार्थी पणजोबांच्या शेताचा कागद हातीं घेतो, आणि त्याला तो वाचतां येत नाहीं. वाचून दाखविणारीं वृद्ध माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. म्हणून या तासांपैकीं कांहीं तास मोडीच्या आणि उर्दूच्या अक्षरओळखीला द्यावयास हवेत. कागद टिकला आणि वाचणारा उरला नाहीं, तर त्या टिकण्याला काय अर्थ?

साधा कागद केव्हां इतिहास होईल हें सांगतां येत नाहीं. 1938 सालीं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांपैकीं अनेकांना नागपूर विद्यापीठानें प्रवेश दिला. प्रवेशाची नोंद हें कारकुनाचें रोजचें काम. आज तशी एखादी नोंद एका पिढीच्या निर्धाराची साक्ष ठरते.

दप्तर लागलें कीं समारंभाला विषय शोधावे लागत नाहींत. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. ध्वजवंदन होतें, भाषण होतें, आणि मंडळी पांगतात. त्या दिवशीं विद्यार्थ्यांनीं दहाच जुने कागद मांडून ते वाचून दाखविले, तर ऐकणारा घरीं जाऊन आपलीही जुनी पेटी उघडील. लातूर जिल्ह्याला 30 सप्टेंबर हा दिवस निराळ्या कारणानें विसरतां येत नाहीं. 1993 सालीं त्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें गेलीं. आज पदवीचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक मुलांचा तेव्हां जन्मही झाला नव्हता. त्यांनीं वांचलेल्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. परंतु आधीं परवानगी घ्यावी, आणि सांगणाऱ्यानें एखादी गोष्ट जाहीर करूं नका म्हटलें, तर ती पुडक्यांतच राहूं द्यावी. सभेला गर्दी जमविणें सोपें असतें. दुसऱ्याचें दुःख ठेवीप्रमाणें सांभाळणें हें कठीण शिक्षण आहे.

तास भरल्याचें प्रमाणपत्र सर्वांनाच मिळेल. परंतु पुढल्या वर्षीं येणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याला त्या यादीवरून हवा तो कागद पांच मिनिटांत सांपडला, तरच काम झालें असें समजावें.