पेटीतले कागद

अध्यक्ष महोदय, दूरदूरहून आलेले अभ्यासक आणि माझ्या वसईकर बंधुभगिनींनो,

शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या भूमीत तुम्हां सर्वांचं मनापासून स्वागत! नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. आमच्या गावचं दप्तर असं दगडापासून सुरू होतं.

1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्या मोहिमेची पत्रं पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, पोर्तुगीजांचे कागद गोव्यात आणि लिस्बनला. त्या विजयात वसईहून नेलेली घंटा नाशिकला, नारोशंकराच्या देवळात. तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे. तिला हात लावला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं मला.

आज एका नावाची आठवण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही: डॉ. जुझे गर्सन द कुन्हा. जन्म गोव्यातला, डॉक्टरकी मुंबईत, आणि 1876 साली पुस्तक लिहिलं ते चौल आणि वसईवर! पडक्या चर्चांतले, थडग्यांवरचे लेख त्यांनी वाचले, उतरवून घेतले. ऊन-पावसानं झिजलेला दगड आज बोलत नसेल, तर त्यांचं पान बोलतं. आमच्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? माझ्या मते वसईनं हे ऋण अजून फेडलेलं नाही.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. जन्म पानमळ्यात गेला. आमच्या आजोबांची मोडी कागदांची गठडी माळ्यावर होती. एका पावसाळ्यात कौल सरकलं आणि तिचा लगदा झाला. ती हळहळ आजही जात नाही. म्हणून गावकऱ्यांना हात जोडून सांगतो: घरातली खतं, फेरफाराचे उतारे, जुनी पत्रं घेऊन या. बाहेर स्कॅनर मांडला आहे. कागद तुमच्यासमोर उतरेल आणि तुमच्याबरोबरच घरी जाईल.

या संमेलनाच्या व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याबद्दल क्षमा मागतो. पाणी टँकरचं आहे, गाद्या दाटीनं घातल्या आहेत, लोकलच्या गर्दीत पाहुण्यांचे हाल झाले. सभागृह देणारी शाळा, मंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी, केळी आणि सुकेळी पाठवणारे बागायतदार, पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या कोळीवाड्यातल्या भगिनी, स्टेशनवरून भाडं न घेता पाहुणे आणणारे रिक्षावाले बंधू, देणगीवर नाव नको म्हणणाऱ्या एक आजी, या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. कुणाचं नाव राहिलं असेल तर पोटात घाला.

किल्ल्यावर जाणारी बस उद्या सकाळी सातला शाळेच्या फाटकातून सुटेल. टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या.