देवांचा संप आणि माणसाची माती



मित्रांनो, मैत्रिणींनो, आजचा विषय मोठा आहे: जगातल्या आरंभीच्या संस्कृतींचं साहित्य आणि त्यांच्या पुराणकथा. तासाभरात सगळं जग फिरून येण्यापेक्षा मी एकाच गोष्टीपाशी थांबणार आहे. ही गोष्ट आजच्या इराकमधली. साधारण ३६०० वर्षांपूर्वी ती मातीच्या पाट्यांवर लिहिली गेली. तिचं नाव 'अत्राहासिस'.

तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. 'प्राचीन साहित्य वगैरे तुमच्या काय कामाचं, नोकरीचं बघा,' हे तुम्ही ऐकलं असेल. नोकरीचं बघायलाच हवं. पण कुणी राबायचं आणि कुणी बसून खायचं, याचा हिशेब जुन्या गोष्टींमध्येच मांडून ठेवलेला असतो. ज्यांच्या वाट्याला राबणं आलं त्यांनी त्या वाचल्याच नाहीत, तर त्यांचा अर्थ दुसरेच सांगत राहतात.

तर गोष्ट अशी. माणूस अजून जन्मलेला नव्हता. होते ते फक्त देव, आणि तेही सगळे सारखे नव्हते. आकाश अनूकडे, पृथ्वी एनलिलकडे, जमिनीखालचं गोडं पाणी एन्कीकडे. हे वरचे देव, अनुन्नाकी. खालच्या देवांना म्हणायचे इगिगी. वरच्यांनी खालच्यांना कामाला जुंपलं. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या त्यांनी खणल्या, असं ही गोष्ट सांगते. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं माती उपसायची.

एक दिवस खालचे देव म्हणाले, बस्स. त्यांनी अवजारं पेटवली, टोपल्या पेटवल्या आणि मध्यरात्री एनलिलच्या वाड्याला वेढा घातला. एनलिल घाबरला. दारं लावून घेतली आणि कारभारी नुस्कूला बाहेर पाठवलं: विचार, यांचा म्होरक्या कोण? बाहेरून उत्तर आलं ते असं, की म्होरक्या एक नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून हे ठरवलं आहे. कामाचं ओझं आमचा जीव घेतंय.

एनलिलला रडू कोसळलं. तरी त्याने सुचवलं, यांच्यातल्या एकाला धरा आणि मारून टाका. इतर देवांना मात्र कबूल करावं लागलं की काम खरंच जड आहे, यांना दोष देता येत नाही. मग शहाण्या एन्कीने तोड काढली. काम कमी करायचं नाही. वरच्यांनी हात लावायचा नाही. नवा मजूर घडवायचा.

त्यासाठी एका देवाला मारलं. त्याचं नाव वे-इलु. त्याच्याकडे अक्कल होती, असं गोष्ट मुद्दाम सांगते. त्याचं रक्तमांस मातीत कालवलं. मामी या जन्मदेवतेने त्या मातीचे १४ गोळे केले. ७ गोळ्यांचे पुरुष झाले आणि ७ गोळ्यांच्या स्त्रिया. देवांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि माणसाच्या खांद्यावर आलं.

माणसं वाढली. त्यांचा गलका वाढला आणि एनलिलची झोप उडाली. त्याने रोगराई पाठवली, दुष्काळ पाठवला, शेवटी महापूर. एन्कीने अत्राहासिस नावाच्या माणसाला बोरूच्या भिंतीआडून आधीच सावध केलं होतं. अत्राहासिस म्हणजे 'अतिशय शहाणा'. त्याने नाव बांधली आणि तो वाचला. ७ दिवस ७ रात्री पूर चालला. आणि या काळात उपाशी कोण राहिलं? देव! पिकवणारे हात बुडाले होते, नैवेद्य येणार कुठून? पूर ओसरल्यावर अत्राहासिसने होम केला, तेव्हा हे महान देव त्या वासावर माश्यांसारखे गोळा झाले. मग तडजोड झाली. माणूस राहील, पण त्याची संख्या आटोक्यात ठेवायची. काही बायका वांझ राहतील, काही तान्ही बाळं एक राक्षसीण नेईल.

एवढी गोष्ट ऐकल्यावर मी नेहमी तीन प्रश्न विचारतो. यात राबतं कोण? खातं कोण? आणि हे लिहून कुणी ठेवलं?

राबतं कोण, हे एका शब्दात सापडतं. या गोष्टीत कष्टांसाठी 'टुपशिक्कू' हा अक्कादी शब्द येतो. त्याचा अर्थ माती किंवा विटा वाहण्याची टोपली, आणि तोच शब्द सक्तीच्या कामालाही वापरतात. आपल्याकडे 'पाटी उचलणं' म्हटलं की एक सबंध आयुष्य डोळ्यांपुढे येतं, तसंच. दक्षिण इराकमध्ये पाऊस थोडा. शेती कालव्यांवर. कालव्यात गाळ साचतो, तो सतत उपसावा लागतो. हे काम लोकांकडून वेठीनेही करून घेतलं जाई. म्हणजे देवांच्या नावाने सांगितलेला त्रास कुणाच्या पाठीचा आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळत असणार.

राजेही टोपली उचलत, पण मंदिराच्या पायाभरणीपुरती. लगाशचा राजा उर-नानशे डोक्यावर टोपली घेऊन उभा आहे, असं शिल्प पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्यानंतर जवळपास १९०० वर्षांनी झालेला अश्शूरचा सम्राट अशुरबनिपाल तसाच कोरलेला ब्रिटिश म्युझियममध्ये दिसतो. एक दिवस हातात झाडू घेऊन फोटो काढणारे पुढारी आपण पाहिलेच आहेत. प्रथा जुनी आहे.

लिहून कुणी ठेवलं? सर्वांत जुनी मोठी प्रत तीन पाट्यांची आहे, हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मी-सादुका राजाच्या काळातली. पाटीच्या शेवटी नक्कल करणाऱ्याने सही केली आहे. त्याचं नाव इपिक-आया असं वाचतात, आणि हुद्दा 'कनिष्ठ लेखनिक'. लेखनिक बहुतेक करून सुस्थितीतल्या घरांतले असत, राजवाडा आणि मंदिर यांच्या आश्रयाने जगत. कालवा उपसणारा माणूस पाटी लिहीत नव्हता. म्हणून गोष्टीचा निकाल ठरलेला आहे: माणूस घडवलाच राबण्यासाठी. पुढे बाबिलोनच्या नववर्षाच्या उत्सवात मर्दुक देवाची जी सृष्टिकथा म्हटली जाई, 'एनुमा एलिश', तिच्यातही माणूस याच कामासाठी घडवला जातो.

पण गोष्ट लिहिणाऱ्यालाही सगळं झाकता आलेलं नाही. काम असह्य आहे आणि असह्य कामाविरुद्ध उठणं साहजिक आहे, हे तिने देवांच्याच तोंडून वदवलं. मारलेला देव हा बंडाचा म्होरक्या होता, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ते धरलं तर माणसाच्या अंगात बंडखोराचं रक्त आहे आणि बंडखोराचीच अक्कल. आणि कामगार बुडाले की देवसुद्धा उपाशी मरतात, हेही तिनेच सांगून टाकलं.

आता आपल्या घरचं बघू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्तही असंच एका बळीतून जग घडवतं. पुरुषाचं तोंड ब्राह्मण झालं, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र जन्मला. दोन्हीकडे कुणाचा तरी बळी आहे, दोन्हीकडे कामाची वाटणी आहे. फरक कुठे आहे? अत्राहासिसच्या गोष्टीत रेघ देव आणि माणूस यांच्यामध्ये ओढली आहे. माणसं सगळी एकाच मातीची, एकाच रक्ताची. पुरुषसूक्ताने ती रेघ माणसांच्या आतून ओढली.

याचा अर्थ बाबिलोन समतेचा देश होता, असं मुळीच नाही. हम्मुराबीच्या कायद्यात माणसांचे तीन थर आहेत. प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा फोडायचा. खालच्या थरातल्या मोकळ्या माणसाचा फोडला तर एक मिना चांदी. गुलामाचा फोडला तर त्याच्या निम्म्या किमतीइतका दंड. नंतरच्या एका बाबिलोनी तुकड्यात तर देवी राजाला सामान्य माणसापासून वेगळा घडवते. सत्ता अशी संधी कुठेच सोडत नाही. पण त्याच हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापायी गहाण पडलेल्या बायकोमुलांनी तीन वर्षं काम केलं, की चौथ्या वर्षी त्यांना सोडायचं, असं कलम आहे. गुलामी होती, पण त्या बायकोमुलांवर ती कर्जाने आली होती आणि तिला मुदत होती. पायातून जन्मलेल्याला कोणत्या वर्षी सोडायचं?

बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांनी पुरुषसूक्त इतरांच्या सृष्टिकथांशेजारी ठेवून तपासलं. वर्ग सगळ्याच समाजांत असतात, पण असमानतेची चढती भाजणी हाच समाजाचा आदर्श म्हणून धर्मवचनात बसवणं, हे पुरुषसूक्ताचं वेगळेपण आहे, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्यांच्या पुराणकथा वाचल्याशिवाय आपल्या पुराणकथेतलं वेगळेपण दिसत नाही. तौलनिक वाचन लागतं ते यासाठी.

हे वाचन करणारी माणसं कोण होती, तेही बघा. जॉर्ज स्मिथ हा लंडनच्या कष्टकरी घरातला मुलगा, जन्म १८४०. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि नोटांचे ठसे कोरण्याच्या कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पाट्या बघायचा. बघता बघता ती लिपी वाचायला शिकला, आणि पुढे म्युझियमनेच त्याला नोकरीत घेतलं. १८७२ मध्ये निनवेच्या पाट्यांमधून गिल्गमेश महाकाव्यातली महापुराची कथा त्याने शोधून काढली. ३ डिसेंबरला ती जाहीर सभेत वाचली, तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. १८७३ मध्ये तो निनवेला गेला आणि उत्खननात महापुराचा आणखी एक तुकडा त्याच्या हाती लागला. तो अत्राहासिसचा होता, हे पुढे कळलं. १८७६ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, प्रवासात आजारी पडून तो अलेप्पोत वारला. या कथेचे तुकडे पुढच्या पिढ्यांनी जुळवले आणि १९६९ मध्ये लॅम्बर्ट आणि मिलार्ड यांनी तिची मोठी संपादित आवृत्ती काढली.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. या दोघांना एकमेकांची माहिती असण्याचं कारण नाही. पण जोतीरावांनी धोंडीबाबरोबरच्या संवादातून जे प्रश्न विचारले ते आपण मघाशी विचारले त्याच जातीचे आहेत. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण जन्मला, तर मग इंग्रजांच्या उत्पत्तीविषयी मनूने काहीच का लिहिलं नाही? मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांच्या गोष्टींत त्यांनी चमत्कार पाहिला नाही, जिंकणाऱ्यांनी जितांवर रचलेला इतिहास पाहिला. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती आज टिकतील असं नाही. पण पुराणकथेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करण्याची त्यांची रीत टिकली आहे, आणि ती आपली आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थेट आपल्याबद्दल आहे. अत्राहासिसमधला संप कल्पनेतला. खरा संप कुणी लिहून ठेवला आहे का? आहे, पण त्यासाठी इराक सोडून इजिप्तला जावं लागतं. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं २९वं वर्ष, इसवी सनापूर्वी साधारण ११५७. राजांची थडगी कोरणाऱ्या देर अल-मदिना गावच्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळालं नाही. ते काम टाकून निघाले आणि मंदिराच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांनी सांगितलं. हा वृत्तांत असलेला पपायरस आज इटलीत तुरिनला आहे.

आणि त्याच गावात खापऱ्यांवर काय सापडलं? लेखनिक होऊ पाहणाऱ्या मुलांनी गिरवलेला एक धडा. त्यात एक बाप मुलाला शाळेत पोचवायला निघाला आहे आणि वाटेत कुंभार, न्हावी, विणकर, परीट, सगळ्यांच्या कामाची किळस यावी असं वर्णन करतो. लेखनिक हो म्हणजे या सगळ्यातून सुटशील, हे त्याचं सांगणं. अभ्यासक त्याला 'धंद्यांची टवाळी' म्हणतात.

शिक्षणाने सुटका होते, यात खोटं काही नाही. आपल्या आईबापांनी आपल्याला त्यासाठीच शिकवलं. पण त्या इजिप्शियन धड्यात सुटकेबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली जाते: मागे राहिलेल्या हातांची लाज. आपल्या पदवीबरोबरही ती गुपचूप येते. महाविद्यालयाच्या अर्जात बापाचा धंदा लिहिताना पेन अडखळतं ना, ते तिच्यामुळे.

म्हणून माझं मागणं एवढंच. तुम्ही आता लिहिणाऱ्यांत आला आहात. तुरिनच्या पपायरसवर संपाची नोंद करणाराही लेखनिकच होता आणि टवाळी रचणाराही लेखनिकच. तुम्ही इतिहास शिका, संस्कृत शिका, पाली शिका, जमलं तर अक्कादीही शिका. परवानगी मागू नका. जॉर्ज स्मिथने मागितली नव्हती, जोतीरावांनी तर नाहीच. आणि गोष्ट कुठलीही असो, आधी विचारा: यात पाटी कुणाच्या डोक्यावर आहे?

जय जोती, जय भीम.