आधी ड्रायव्हरचा हिशोब
(सोनारी येथील माल वाहतूकदारांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



ज्याने घरची ट्रान्सपोर्टची पेढी स्वतःच्या हाताने बंद केली, त्याला तुम्ही वाहतूकदारांच्या मेळाव्याचा अध्यक्ष केलंत. असं का, म्हणून मी संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "ज्यांचा धंदा चालू आहे त्यांना भाषण लिहायला वेळ नाही." उत्तर बिनतोड होतं, म्हणून आलो.

सोनारीत उभं राहून वाहतुकीवर बोलायचं तर काळभैरवनाथाला नमस्कार करून आधी शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यात जावं लागतं. विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलूख-मैदान तोफ आहे, ती 1549 साली अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 च्या सुमारास सरदार मुरार जगदेवाने ती तिथून विजापूरला नेली. वजन पंचावन्न टनांच्या आसपास. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते असं सांगतात. आपल्या भागातून याहून अवघड माल निघाला असेल असं मला वाटत नाही. तोफ ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचं नाव तोफेवर कोरलेलं आहे, नेणाऱ्या सरदाराचं नाव इतिहासात आहे. बैल हाकणारे कोण होते आणि त्यांना परतीचं भाडं मिळालं की बैल रिकामे आले, हा प्रश्न फक्त आपल्यासारख्यांनाच पडतो.

आज आपल्या पेढ्या बसताहेत, पण वाहतुकीचा धंदा बुडायची या मुलखातली ही काही पहिली खेप नव्हे. लमाणांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन घाट चढत. लष्करांनाही धान्य तेच पुरवत. पक्क्या सडका आणि आगगाडी आली आणि तांडे बसले. मग बार्शी लाइट रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत आणली, 1911 ला ती लातूरला पोचली, 1927 ला मिरजेला. ती खासगी कंपनी होती, तिचं ऑफिस लंडनला. 1954 च्या जानेवारीत सरकारने ती ताब्यात घेतली. तिची अडचण काय होती, हे कुर्डुवाडीच्या हमालांना कुणी शिकवायला नको होतं. छोट्या गाडीतला माल उतरवायचा आणि मोठ्या गाडीत चढवायचा. प्रत्येक पोत्याला दोनदा हात, दोनदा हूक, दोनदा सांडलवंड. ट्रक आडतीच्या दारात भरायचा आणि गिरणीच्या दारात उतरायचा. म्हणजे आपल्या बापजाद्यांनी त्या रेल्वेचं भाडं तोडलं. आज आपलं भाडं कुणी तोडतंय म्हणून नुसतं रडगाणं गायला मला तरी जड जातं.

आता कडू गोष्ट. आपल्या पेढ्यांचे चांगले दिवस जितके आपल्या कष्टाचे होते, तितकेच ते परमिटच्या टंचाईचे होते. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने ट्रकला परमिट लावलं. ज्याच्याकडे परमिट, त्याच्या दारात व्यापारी. 1975 मध्ये नॅशनल परमिट आलं, तेही मोजून-मापून. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि दार सताड उघडलं. ज्याला बँक कर्ज देईल तो वाहतूकदार झाला. हे चुकीचं झालं असं मी म्हणणार नाही. आज या मंडपात बसलेल्यांपैकी निम्मे त्या उघड्या दारातूनच आत आले आहेत.

तरीही जुन्या पेढीजवळ एक भांडवल उरलं होतं, ते म्हणजे माहिती. कुठल्या नाक्यावर कुठला कागद लागतो, कुठल्या शहराची जकात कशी भरायची, पावसाळ्यात कुठला घाट टाळायचा, कुठला आडत्या बिल्टी हातात पडताच पैसे देतो आणि कुठला 'टू पे'चा, म्हणजे भाडं त्यानेच द्यायचा, माल उतरवून घेऊन चहावर बोळवण करतो. हे सगळं वडिलांच्या डोक्यात असायचं आणि मुलगा पेढीवर बसून ते शिकायचा. 30 जून 2017 ला मुंबईची जकात संपली, दुसऱ्या दिवशी जीएसटी आला. 2018 च्या एप्रिलपासून ई-वे बिल, मग फास्टॅग. वाटेतले थांबे कमी झाले, ड्रायव्हरचा जीव सुखावला. पण नाक्यावर ओळख असणं हा ज्यांचा धंदा होता त्यांची किंमतही त्याबरोबरच उतरली. मोबाइलवर गाडी मागवणाऱ्या व्यापाऱ्याला आपले आजोबा कोण होते याच्याशी काय घेणं आहे?

त्यात 2018 च्या जुलैत सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायरच्या गाडीचं मालासह एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. कागदावर फायदाच. पण बाजारात माल तेवढाच राहिला आणि तो उचलायला गाड्या कमी लागू लागल्या. भाव पडले. डिझेल मात्र रोज रोखीने भरायचं आणि भाड्याचं बिल दोन-तीन महिन्यांनी पास होणार. पेढी तोट्याने बुडते असा लोकांचा समज आहे. मी पाहिलेल्या बहुतेक पेढ्या नफ्यात असताना उधारीने बुडाल्या.

सोनारीत साखर कारखाना आहे, म्हणून ऊसवाहतुकीवर थोडं थांबतो. ही गोष्ट बाहेरच्यांना सांगून समजत नाही. वाहतूकदार हंगामाआधी कारखान्याशी करार करतो. उचल, म्हणजे मजुरांची आगाऊ रक्कम, त्याच्या नावावर निघते, बँकेचं कर्ज असेल तर सही त्याची. ती रक्कम तो मुकादमाला देतो, मुकादम ती कोयत्यांना, म्हणजे ऊसतोड जोडप्यांना, वाटतो. बीडहून, आपल्या भूम-वाशीकडून टोळी निघणार असते. दिवाळी होते, धुराडं पेटतं, ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून उभा असतो, आणि टोळी येत नाही. मुकादमाचा फोन बंद. त्याने तीच टोळी दाखवून आणखी कुणाकडून उचल घेतलेली असते, किंवा त्याचेच कोयते त्याला टांग मारून दुसरीकडे गेलेले असतात. कर्ज मात्र ज्याची सही त्याच्या डोक्यावर. ट्रकची पिढीजात पेढी ज्यांनी तगवली, अशी घरं एका हंगामाच्या उचलीत गेलेली आपण पाहिली आहेत. मुकादमाला शिव्या देणं सोपं आहे. पण उसाच्या फडात राबणाऱ्या नवरा-बायकोची मजुरी आगाऊ कर्जातच बांधलेली असते, तोवर पळापळ होणारच. ही व्यवस्था वाहतूकदाराला सावकार बनवते, आणि सावकारी हा आपला धंदा नव्हे. हंगामी वाहतुकीचा करार करणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे की ट्रॅक्टर गहाण टाका हवं तर, बापाची पेढी टाकू नका.

आता आमच्या पेढीविषयी. ती बार्शीच्या आडत बाजारात होती. तूर, ज्वारी, पेंड, परतीला सिमेंट किंवा खत. बंद करायचं ठरलं तेव्हा पहिला पेच वेगळाच निघाला. बातमी आधी कुणाला सांगायची? पेढी बंद होणार हे बाजाराला कळलं की येणं थांबतं आणि देणं धावत येतं. भाऊ म्हणाला, आधी गुपचूप वसुली करू, मग जाहीर करू. व्यवहाराला धरूनच होतं ते. पण तसं केलं तर ज्यांनी पेढी चालवली ते ड्रायव्हर शेवटपर्यंत अंधारात राहणार. त्यांना सांगावं तर संध्याकाळी ढाब्यावर, रात्री बाजारात. दोन्ही साधत नाही. आम्ही ड्रायव्हरांना आधी सांगितलं. वसुलीतली चांगली मोठी रक्कम बुडाली, आणि भाऊ अजूनही ते बोलून दाखवतो.

दुसरा पेच हिशोबाचा. ग्रॅच्युइटीचा नियम म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पण आपल्या धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर पगार लहान, खरी कमाई खेपेच्या भत्त्यात. शिवाय एक गाडी वडिलांच्या नावावर, एक आईच्या, एक सुनेच्या. दहा कामगार झाले की कायदा लागतो, आणि ते दहा एका नावाखाली कधी भरतच नाहीत. तीस-तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस कायद्याने पाहिलं तर कुणाचाच नोकर नसतो. आमच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती, प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाने दोन पानं. डाव्या पानावर उचल. पोरीचं लग्न, बायकोचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे. उजव्या पानावर जमा. डावं पान कायम भारी. ती उचल ग्रॅच्युइटीतून कापली असती तर दोघा ड्रायव्हरांकडे उलट आमचंच येणं निघत होतं. शेवटी बाजारातली जागा विकून भत्त्यासकट हिशोब केला आणि डावी पानं सोडून दिली. यात मोठेपणा नाही. जागा विकता येत होती म्हणून जमलं. ज्याच्याकडे जागा नाही त्याने काय करावं, याचं उत्तर मेळाव्यांनी शोधायचं असतं, म्हणून मी हे इथे बोलतोय.

मोठ्यांना हे जमतं असंही नाही. अमेरिकेत 'येलो' नावाची ट्रक कंपनी 1924 पासून चालत होती. शंभरी भरायला एक वर्ष उरलं असताना, 2023 च्या जुलैअखेर तिने गाड्या थांबवल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिवाळखोरीचा अर्ज केला. तीस हजारांच्या आसपास माणसं कामावरून गेली. त्याआधी 2020 मध्ये सरकारने तिला 70 कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. तिच्या गाड्यांना आणि डेपोंना गिऱ्हाईक मिळालं. माणसांना आपापली वाट शोधावी लागली. दिवाळं काढणं आणि पेढी बंद करणं यात फरक आहे. हातात पैसा आहे तोवर जो थांबतो त्याला देण्याचा क्रम ठरवता येतो. नंतर तो क्रम बँक ठरवते, आणि बँकेच्या यादीत ड्रायव्हर कुठे असतो ते तुम्ही जाणता.

बिल्टीबुकांबद्दलही सांगायचं आहे. पेढी बंद झाली की ती रद्दीत जातात. कार्बन घालून लिहिलेली ती पानं, माल कुणी पाठवला, किती नग, कुठे, 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का. मराठवाड्याच्या बाजाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला याहून खरा कागद मिळणार नाही. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी कुठल्या गावात उतरली, तुरीची डाळ होऊन कुठे गेली, सगळं त्यात आहे. आमच्या वह्यांत 1993 च्या ऑक्टोबरची काही पानं आहेत. भूकंपानंतर किल्लारी आणि सास्तूरकडे गेलेल्या गाड्यांची. माल लिहिलेला आहे, पत्रे, चादरी, ज्वारी. भाड्याच्या रकान्यात वडिलांनी आडवी रेघ ओढली आहे. त्या वह्या मी रद्दीत दिलेल्या नाहीत. घरात जागा नाही म्हणून सूनबाई कुरकुरते, तिचंही बरोबर आहे. तालुक्याच्या एखाद्या वाचनालयाने एक कपाट दिलं तर अशा दहा पेढ्यांचे कागद वाचतील. वाळवीला आमंत्रणाची गरज नसते, तेव्हा हे लवकर व्हायला हवं.

बोलण्यासारखं अजून बरंच आहे. डिझेल, टोल, विमा, एसीच्या केबिनचा नवा नियम. त्यावर दुपारच्या सत्रात माझ्यापेक्षा जाणती माणसं बोलतील. मेळाव्यापुढे तीन ठराव आहेत, मी फक्त पहिल्यावर बोलतो. पहिला असा की, जो सभासद धंदा बंद करील त्याने तीन महिने आधी आपल्या ड्रायव्हर-क्लीनरला लेखी कळवावं, आणि ज्याला त्यांचा हिशोब चुकता करणं शक्य नाही त्याच्यासाठी संघटनेने दर खेपेमागे थोडी रक्कम बाजूला काढून निधी उभारावा. त्यावर मालकांची मतं मला पाठ आहेत. मतदानाआधी ड्रायव्हरांपैकी कुणी बोलावं असं मी सुचवतो. माइक तिकडे द्या.