भूल आणि वेदना

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये शहाजहान बादशहाची बेगम मुमताज महल चौदाव्या अपत्याच्या प्रसूतीत निवर्तली. पैलतीरावरील जैनाबाद येथे तिला प्रथम दफन करण्यात आले. पुढे तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. साम्राज्याचे सारे वैभव उशाशी होते, परंतु तिच्या वेदनेवर खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता.

तो उपाय हाती येण्यास आणखी दोन शतके लोटावी लागली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्यास भूल दिली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले. शस्त्रक्रियागृहातील आक्रोश थांबला. मात्र आक्रोश थांबला म्हणजे वेदनाही थांबली काय, हा प्रश्न उरलाच.

१९४२ मध्ये माँट्रियल येथे ग्रिफिथ यांनी स्नायू शिथिल करणाऱ्या क्युरारीची भुलेला जोड दिली. शस्त्रवैद्याचे काम सुकर झाले. पण त्याबरोबर एक नवे संकटही उभे राहिले. भूल अपुरी पडून एखादा रोगी जागा झाला, तर त्याला बोटही हलविता येऊ नये! असे प्रसंग फार विरळा, तरी ज्याच्यावर तो ओढवतो त्याला जन्मभर विसर पडत नाही.

जे मुळातच बोलू शकत नाहीत, त्या नवजात बालकांची दशा याहून करुण होती. त्यांचे मज्जातंतू अपक्व, म्हणून त्यांना वेदना होत नाहीत, असा समज वैद्यकात दीर्घकाळ होता. तो दूर करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डॉ. कंवलजीतसिंग आनंद इंदूर शहरातील महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. ऑक्सफर्ड येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेस आलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे दोन गट केले. एका गटास नेहमीची सौम्य भूल व क्युरारी, तर दुसऱ्यास त्याखेरीज फेंटानिल हे वेदनाशामक दिले. पहिल्या गटाच्या रक्तात ताणाची लक्षणे दर्शविणारी द्रव्ये अधिक आढळली आणि त्या बालकांना नंतरचा त्रासही अधिक झाला. १९८७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुख मुके होते; साक्ष रक्ताने दिली.

मग मेंदूचीच साक्ष का काढू नये? मेंदूतील सूक्ष्म विद्युत्‌लहरींचे मानवी आलेखन जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम केले. जागेपणी या लहरी जलद व लहान असतात. गाढ भुलेत बहुधा मंद व उंच होतात. आज कपाळावर पट्टी लावून यंत्र त्यांचे शून्य ते शंभर या मापात रूपांतर करते. शस्त्रक्रियेच्या वेळी हा आकडा साधारणतः चाळीस ते साठ असावा, असा संकेत आहे.

परंतु हा आकडा भुलेची खोली सांगतो. वेदना मोजीत नाही. वेदना हा जाणिवेचा अनुभव होय. जाणीव मावळली तरी छेद घेताच उठणारा इशारा पाठीच्या कण्यातून वर धावतोच. तेव्हा कधी मंद लहरी मोडून जलद लहरी उमटतात, परंतु सर्वांच्या बाबतीत नव्हे. रोग्याचे वय, औषधाची जात, कपाळाच्या स्नायूंची हालचाल यांनीही आलेख बदलतो. केटामीन उत्तम वेदनाशामक आहे, तरी ते दिल्यावर आकडा उलट वाढू शकतो! बोस्टनच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये हृदयावर दाहक्रिया होत असता, भूल दिलेल्या रोग्यांच्या कपाळातून अवरक्त किरण सोडून मेंदूच्या रक्तातील प्राणवायूचे बदल टिपले. ही वाट आशादायक खरी, पण अद्याप पुरी चालून झालेली नाही.

म्हणूनच भूलतज्ज्ञ केवळ एका यंत्रावर विसंबत नाही. नाडी, रक्तदाब, घाम, अश्रू, बाहुलीचा आकार हे सारे तो पाहतो. वेदनाशामक कमी पडले तर नंतरचे दुखणे वाढते. जास्त झाले तर श्वास मंदावतो. रोग्यानेही आपली व्यसने, नित्याची औषधे व पूर्वीच्या भुलेचा अनुभव त्याला आधीच मोकळेपणाने सांगावा.

भुलेच्या टेबलावर माणूस आपला देह परक्याच्या स्वाधीन करतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याला दुखत नाही, ही चूक बालकांच्या बाबतीत एकदा घडून गेली आहे. ती पुन्हा न व्हावी, यासाठीच लहरींची ही लिपी वाचण्याचा सारा खटाटोप आहे.