भाताची वाटी आणि भाडोत्री बंदूक



परदेशी भाषेतला एखादा चित्रपट गाजला की हॉलिवूड त्याचे हक्क विकत घेते, माणसांना नवी नावे देते, घोडे बदलते आणि तीच कथा पुन्हा जगभर विकते. या व्यवहाराविषयी आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : मूळ सरस की नक्कल सरस? रसिकांच्या गप्पांना तो पुरेसा आहे. चळवळीत काम करणाऱ्यांनी मात्र दुसरा प्रश्न विचारावा. कथा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना वाटेत तिच्यातून कोण गळून पडले?

अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ 1954 साली जपानमध्ये प्रदर्शित झाला. 1960 साली जॉन स्टर्जेस यांनी त्यावरून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला. गंमत अशी की, कुरोसावांचा चित्रपट 1956 मध्ये अमेरिकेत कापून दाखवला गेला, तेव्हाच त्याला तिथे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ असे नाव मिळाले होते. म्हणजे मूळ कृतीचे नाव आधी बदलले, आणि मग ते नव्या कृतीला देऊन टाकले. मूळ चित्रपट 207 मिनिटांचा आणि अमेरिकन 128 मिनिटांचा. कमी झालेल्या एकूणऐंशी मिनिटांत काय होते, याचे उत्तर एका शब्दात देता येते : शेतकरी.

कथेचा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे. मूळ कथेतला काळ सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, 1586 च्या सुमाराचा. यादवीने पोखरलेल्या जपानमधील एक डोंगराळ खेडे. जवाचे पीक तयार झाले की चाळीस दरोडेखोर ते लुटायला येणार, हे गावाला कळते. तेव्हा गावकरी शहरात जाऊन पोटासाठी लढतील असे सामुराई शोधू लागतात. मजुरी कोणती? पैसे नाहीत, जमीन नाही, मानमरातब नाही. फक्त दोन वेळचा भात. शेतकरी स्वतः भरड धान्य खाऊन हा भात सामुराईंसाठी राखतात. धर्मशाळेतला एक हमाल प्रमुख सामुराई कांबेईसमोर भाताची वाटी धरून हे त्याला सुनावतो, आणि कांबेई ती हाती घेऊन सांगतो की, हा भात फुकट जाणार नाही. कराराची कलमे नाहीत, सही नाही. एका वर्गाने पिकवलेले अन्न दुसरा वर्ग खातो आणि त्याची जाणीव ठेवतो, एवढाच तो करार. आपल्याकडे मावळात आणि कोकणात भात पिकवून नाचणी खाणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या वाटीचा अर्थ मराठी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको.

पण कुरोसावा या कृतज्ञतेवर थांबत नाहीत. गावात लपवून ठेवलेली चिलखते आणि हत्यारे सापडतात. ती कुठून आली? लढाईतून हरून पळणाऱ्या एकट्यादुकट्या सामुराईंना गाठून, मारून, गावकऱ्यांनी लुटलेली! ज्यांच्या रक्षणासाठी आपण आलो तेच आपल्या जातभाईंचे मारेकरी आहेत, हे कळताच सामुराई सुन्न होतात. मग तोशिरो मिफुने यांनी रंगवलेला किकुचियो उसळतो. शेतकरी लबाड आहे, धान्य लपवतो, रडतो, खोटे बोलतो, संधी मिळाली की गळा कापतो, हे सगळे तो कबूल करतो. आणि विचारतो की, त्यांना असे कुणी केले? तुम्हीच. लढाईच्या नावाखाली गावे जाळणारे, धान्य ओढून नेणारे, बायकांवर हात टाकणारे तुम्हीच. बोलता बोलता त्याचा स्वर फाटतो आणि कांबेईच्या ध्यानात येते की, हा सामुराई नव्हेच; हा शेतकऱ्याचा पोर आहे. त्याच्याजवळची वंशावळ चोरलेली आहे, आणि तिच्यात नोंदलेला वारस जेमतेम तेरा वर्षांचा!

हा प्रसंग म्हणजे चित्रपटाचा कणा आहे. शेतकरी आणि सामुराई यांच्यात जुना हिशोब आहे, तो दोन्ही बाजूंनी रक्ताचा आहे आणि त्याची सुरुवात वरच्या वर्गाने केली आहे, हे तिथे उघडपणे मांडले जाते. कुरोसावांनी निवडलेले वर्षही निरर्थक नाही. चित्रपटातील घटनांनंतर दोनच वर्षांनी, 1588 साली, तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने फर्मान काढून शेतकऱ्यांजवळची सर्व हत्यारे जप्त केली. जप्त केलेल्या लोखंडातून बुद्धाच्या भव्य मूर्तीच्या कामासाठी खिळे बनवू, असे पुण्याचे निमित्त फर्मानात जोडलेले होते. हा हिदेयोशी स्वतः हलक्या कुळातून वर चढलेला. आपण चढून आलेली शिडी त्याने मागच्यांसाठी काढून घेतली. शेतकऱ्याच्या पोराने सामुराई म्हणून मिरवावे, याला इतिहासात उरलेला तो शेवटचा क्षण होता.

आता अमेरिकन चित्रपटाकडे वळू. खेडे मेक्सिकोतले, दरोडेखोरांचा नायक काल्वेरा, आणि सीमेपलीकडून आलेले सात बंदूकबाज. त्यांचा म्होरक्या ख्रिस म्हणजे युल ब्रिनर. चित्रपट कंटाळवाणा मुळीच नाही. एली वॉलक यांचा काल्वेरा तर मूळ कृतीतल्या बिनचेहऱ्याच्या दरोडेखोरांपेक्षा कितीतरी जिवंत आहे. देवाने या माणसांना मेंढरे केले ते लोकर कातरण्यासाठीच, हे त्याचे तत्त्वज्ञान आपल्या साखरसम्राटांपैकी काहींना पाठ असावे. सुरुवातीचा प्रसंगही चांगला आहे. एका रेड इंडियनाचे प्रेत गोऱ्यांच्या दफनभूमीत पुरू द्यायला गावगुंड नकार देतात, आणि ख्रिस आपल्या एका साथीदारासह ती शववाहिका स्वतः हाकत नेतो. 1960 च्या अमेरिकेत हे दाखवण्याला अर्थ होता.

मग गळाले काय? लपवलेली चिलखते गळाली. मेक्सिकन गावकऱ्यांनी कुणा बंदूकवाल्याला कधी मारलेले नाही आणि या सातांनी कुणा शेतकऱ्याला कधी लुटलेले दिसत नाही. किकुचियोच्या संतापाचे थोडे शब्द चिको नावाच्या तरुणाच्या तोंडी उरले आहेत, पण त्यामागचा पुरावा नाहीसा झाल्यामुळे ते नुसतेच भाषण होते. जुना हिशोबच नसेल तर रक्षण करायला आलेला माणूस ऋण फेडत नाही, उपकार करतो. सबंध चित्रपटाचा तोल इथेच कलंडतो.

दुसरी गळालेली गोष्ट कार्यकर्त्यांना अधिक जिव्हाळ्याची वाटावी. मूळ चित्रपटात गावाच्या बचावासाठी ओढ्यापलीकडची तीन घरे सोडून द्यावी लागतात. त्या घरांचे लोक भाले टाकून आपापल्या दाराकडे निघतात. कांबेई तलवार उपसून त्यांना माघारी रांगेत आणतो. तीन घरांसाठी वीस घरे धोक्यात घालता येणार नाहीत, जो फक्त स्वतःला वाचवायला बघतो तो स्वतःचाच नाश ओढवून घेतो, असे तो बजावतो. संघटनेची किंमत कुणाला तरी अधिक मोजावी लागते आणि ती मोजणाऱ्याचे घर खरोखर जळते, हे कुरोसावांनी झाकलेले नाही. बांबूचे भाले घेऊन कवायत करणारे भित्रे गावकरी अखेरीस लढतात आणि बहुतेक दरोडेखोर त्यांच्याच भाल्यांखाली पडतात. अमेरिकन चित्रपटात या जागी काय आले? गावातलेच काहीजण फितूर होऊन काल्वेराला आत घेतात, सातजण पकडले जातात, सीमेवर हाकलले जातात, आणि केवळ स्वाभिमानापोटी परत येतात. गावकरी शेवटी उठतात खरे, पण खुर्च्या आणि कोयते घेऊन, इतरांनी सुरू केलेल्या लढाईत.

मेक्सिकोच्या सरकारला या चित्रणाची धास्ती होती. 1954 च्या ‘व्हेरा क्रूझ’ या हॉलिवूडपटाने मेक्सिकन जनता दुखावली होती, म्हणून या वेळी तिथल्या सेन्सॉरने बारकाईने लक्ष घातले. गावकऱ्यांनी माणसे भाड्याने घ्यायला जाऊ नये, आधी बंदुका विकत घ्यायला जावे, असा बदल झाला. बंदुकांपेक्षा माणसे स्वस्त मिळतात, हे त्यांना ख्रिसकडून कळते! शिवाय शेतकऱ्यांचे पांढरे कपडे सदैव स्वच्छ दिसावेत असाही आग्रह होता, त्यामुळे शेतात राबणाऱ्या या माणसांच्या अंगावर चिखलाचा शिंतोडा नाही. कुरोसावांच्या चित्रपटात अखेरची लढाई पावसात, गुडघाभर चिखलात होते. राष्ट्राची अब्रू परीटघडीच्या सदऱ्यात शोधणारे अधिकारी सर्वच देशांत असतात.

पण त्या अधिकाऱ्यांच्या धास्तीमागे एक सत्य होते. चित्रीकरण झाले ते बव्हंशी मोरेलोस प्रांतात, क्वेर्नावाका आणि तेपोझ्त्लान या भागात. हा प्रांत एमिलियानो झापाटांचा! 1911 पासून पुढे याच भागातल्या शेतकऱ्यांनी साखर मळेवाल्यांनी गिळलेल्या गावजमिनी परत मिळवण्यासाठी बंदुका उचलल्या. त्यांनी स्वतःचे सैन्य उभारले, आयाला योजनेत जमिनीचा हक्क लिहून काढला आणि 1919 साली झापाटा दगाबाजीने मारले जाईपर्यंत एकापाठोपाठ एक सरकारांशी झुंज दिली. कुणा परक्या बंदूकबाजाला वीस डॉलर देऊन बोलावले नाही. त्याच मातीत, जेमतेम पन्नास वर्षांनंतर, बंदूक कशी धरावी हे न कळणारे शेतकरी उभे करण्यात आले. 1954 मध्ये ग्वाटेमालात पडीक जमीन वाटणारे आर्बेंझ यांचे सरकार अमेरिकन हेरखात्याच्या मदतीने उलथवले गेले होते; 1961 मध्ये क्यूबावर स्वारी व्हायची होती. स्टर्जेस यांनी प्रचारपट काढला असा आरोप करण्याचे कारण नाही. दक्षिणेकडच्या गरिबाला उत्तरेकडचा सशस्त्र सज्जन हवाच असतो, ही समजूत तेव्हा हवेतच होती, आणि हवेतले चित्रपटात येतेच.

कुरोसावाही समाजवादी कथा सांगत होते, असे समजू नये. त्यांच्या चित्रपटावर जपानमधील डाव्या समीक्षकांपैकी काहींनी टीका केली. शेतकरी आपले रक्षण आपण करू शकत नाही, त्याला शस्त्रधारी वर्गच लागतो, हे 1954 साली दाखवणे म्हणजे त्याच वर्षी स्थापन झालेल्या जपानी स्वसंरक्षण दलाचे समर्थन होय, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप फेकून देण्यासारखा नाही. त्याला चित्रपटातच उत्तर आहे की नाही, हे शेवट पाहून ज्याने त्याने ठरवावे.

शेवटी दोन्हीकडे सातांपैकी तिघे उरतात. जपानी चित्रपटातले चारही मृत सामुराई बंदुकीच्या गोळीने मेलेले आहेत, निष्णात तलवारबाजदेखील. दरोडेखोर संपले, भातलावणी सुरू झाली. ढोल वाजत आहेत, बायका गात गात रोपे लावत आहेत, आणि या तिघांकडे कुणी वळूनही पाहत नाही. तरुण कात्सुशिरोवर जीव लावलेली शिनो क्षणभर थबकते आणि त्याला ओलांडून खाचरात उतरते. आपण पुन्हा हरलो, जिंकले ते शेतकरी, असे कांबेई म्हणतो. वर टेकाडावर चार थडगी, त्यांत रोवलेल्या तलवारी. त्यांत एक शेतकऱ्याच्या पोराची आहे.

अमेरिकन चित्रपटात ख्रिस जवळजवळ हेच वाक्य बोलतो, पण त्याआधी गावचा म्हातारा सातांची वाऱ्याशी तुलना करून मनापासून आभार मानतो. आणि चिको? किकुचियो आणि कात्सुशिरो या दोघांना एकत्र मळून तो केलेला आहे. तो मागे फिरतो, कमरेचा पट्टा काढून ठेवतो, बाह्या सरसावतो आणि प्रेयसीशेजारी मका दळायला बसतो. जी भिंत ओलांडण्यासाठी किकुचियोला मरावे लागले, ती इथे तरुणाने मनात आणताच पार होते.

ही कथा भारतातही आली. ‘शोले’वर या दोन्ही चित्रपटांचे ऋण आहे आणि ते लपून राहिलेले नाही. त्यात भाडोत्री वीरांना बोलावणारा गावचा ठाकूर आहे, जमीनवाला आणि माजी पोलीस अधिकारी. मोबदला रोख. सूड ठाकुराचा खासगी. गावकऱ्यांच्या वाट्याला गब्बरच्या माणसांपुढे पोती आणून ठेवणे, इमामसाहेबांचा मुलगा मारला गेल्यावर जय-वीरूला हवाली करण्याची भाषा करणे आणि मग शरमून गप्प होणे, एवढेच येते. शेतातले काम जवळजवळ दिसतच नाही. 15 ऑगस्ट 1975 ला तो प्रदर्शित झाला तेव्हा आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात होते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या जोड्यांनी ठार करतो. ते सेन्सॉरने बदलायला लावले आणि ऐन वेळी पोलीस येऊन कायद्याची आठवण करून देतात, असा प्रसंग घातला गेला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. चित्रपट संपतो रेल्वेच्या डब्यात. वीरू आणि बसंती निघून जातात, आणि मागे राहिलेल्या रामगढात त्या वर्षी काय पेरले गेले, ते कॅमेरा दाखवत नाही.