निजेला धोंडा?

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. खरोखर थकलेल्या माणसाला गादीगिरदीची गरज पडत नाही, दगडही उशीला पुरतो, असा तिचा आशय. २०२० व २०२१ या दोन वर्षांतील करोनाच्या साथीने या म्हणीची कठोर परीक्षा पाहिली. अंग थकलेले, खाट समोर, आणि तरीही डोळ्याला डोळा लागत नाही, असा अनुभव ज्यांच्या वाट्यास आला त्यांत वैद्यकाचे विद्यार्थी पुष्कळ होते.

पिंपरी-चिंचवड ही मुळातच पाळ्यांची नगरी होय. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले; पुढे आकुर्डी, भोसरी व चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा निजले असता मुलांनी दबक्या पावलांनी वावरावे, ही शिस्त येथील घरांना सांगावी लागत नाही. कायद्यानेही कामगाराच्या विश्रांतीची दखल घेतली होती: १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामास दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. याच नगरीत, संत तुकारामनगरात, महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे व डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु तरुण डॉक्टरच्या झोपेचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडण्याची चाल आपल्याकडे पडली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि या विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडले. खालच्या वर्षांचे विद्यार्थी वसतिगृहे सोडून घरी परतले. शवविच्छेदनाची खोली नाही, रुग्णशय्येजवळचा पाठ नाही; जी खाट निजण्याची तीच अभ्यासाची, आणि व्याख्यानही हातातल्या फोनवर. पहाटे उठावयास कारण उरले नाही, म्हणून रात्री निजावयासही उरले नाही. शिवाय, डॉक्टर होण्याचे व्रत घेतले आणि ऐन संकटात घरी बसलो, ही टोचणी मनास होतीच. दुसरा वर्ग आंतरवासी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा. संरक्षक पोशाखात तासन् तास पाण्याचा घोट न घेता वावरावयाचे, आप्तांवाचून प्राण सोडणारे रुग्ण पाहावयाचे, आणि आपल्या श्वासातून रोग आईबापांपर्यंत जाईल या धास्तीने खोलीत एकटे राहावयाचे. ३ मे २०२१ रोजी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही सौम्य रुग्णांवर देखरेख ठेवण्याच्या कामी घेण्याचा केंद्राचा निर्णय जाहीर झाला. त्याच वेळी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे गेली. ती अखेर ११ सप्टेंबरला झाली. तोवर पुस्तक मिटता येईना व वॉर्डही सुटेना.

एकास सकाळ नव्हती, दुसऱ्यास रात्र नव्हती. परिणाम मात्र एकच. मेंदूतील कालमापक यंत्रणा मुख्यतः उजेडावर चालते. सकाळचे ऊन तिला दिवसाची खूण देते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणारा पडद्याचा प्रकाश मेलॅटोनिन या झोपेस साह्य करणाऱ्या द्रव्याचा स्राव रोखून धरतो. निद्रानाशाने मन खचते व खचलेल्या मनास झोप येत नाही, असे हे चक्र आहे. दिवसा वाचलेले स्मृतीत दृढ होण्यास झोप लागते; तेव्हा परीक्षेसाठी रात्र जागविणारा विद्यार्थी कमावलेलेच गमावीत असतो. आणि यात रुग्णाचाही संबंध येतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातांडोळ्यांचे कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके उतरते, असे १९९७ साली डॉसन व रीड या संशोधकांनी दाखविले.

साथ ओसरली, पण प्रश्न ओसरला नाही. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आपला अहवाल दिला. स्वेच्छेने माहिती देणाऱ्या २५,५९० पदवी-विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपणांस मानसिक विकाराचे निदान झाल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्यास ७४ तासांपलीकडे नसावे, एक दिवस सुटी असावी व रोज ७ ते ८ तास झोप मिळावी, अशी शिफारस कृतिदलाने केली. वास्तविक सलग काम साधारणतः १२ तासांहून अधिक नसावे, हे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेतच नमूद होते. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही, अंमलबजावणीची आहे. आणि जागरणास निष्ठेची खूण मानणाऱ्या जुन्या समजुतीचीही आहे. चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेसही शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे. तो वैद्याच्या शरीरासही लागतोच.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा विद्यार्थी असेल त्यांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. किती वाचलेस, या प्रश्नाआधी किती निजलास, हे विचारावे. तो रात्रभर काम करून आला असेल, तर पडदे ओढावेत, फोन दूर ठेवावा, आणि रात्रपाळीच्या वडिलांसाठी जशी घरे शांत राहत आली तसे आपले घर शांत ठेवावे. झोपेवाचून रात्रीमागून रात्री जात असतील, आनंद वा भूक हरपली असेल, जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी येत असतील, तर मात्र उपदेश न करता त्याच्याजवळ बसावे व विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही याच कामासाठी आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने मदत मागावी, यात कमीपणा नाही. तो उद्या आपल्या रुग्णांस हेच सांगणार आहे.