झिपरं कुत्रं म्हणजे मेंढी नव्हे



माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या भागात जनावराचे केस कातरणं नवीन नाही. धनगर मंडळी मेंढ्यांची लोकर कातरतात, तिचं घोंगडं होतं. आता मात्र गावागावांत पॉमेरियन, ल्हासा, शिह त्झू अशी लहान, झिपरी कुत्रीही दिसतात. पुण्या-मुंबईची मुलं हौसेनं आणतात. नोकरी बदलली, घर बदललं की ते कुत्रं गावाकडं येतं आणि त्याचं न्हाणंधुणं घरातल्या बाईकडं येतं.

उन्हाळा लागला की कुणीतरी म्हणतं, "बिचाऱ्याला उकडत असेल, मेंढीसारखं भादरून टाका." पॉमेरियनच्या बाबतीत हे करू नका. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला कापसासारखा मऊ, वरचा लांब आणि ताठ. केस विंचरून मोकळे ठेवले, तर तेच उन्हापासून कातडी राखतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. त्यामुळं भादरून फारसा थंडावा मिळत नाही, उलट कातडी भाजते. काहींचे केस नंतर कित्येक महिने नीट उगवत नाहीत. त्याला सावली, भरपूर पाणी आणि गार फरशी द्या, गळालेले केस विंचरून काढा.

ल्हासा आणि शिह त्झूचं वेगळं. त्यांचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. दीड-दोन महिन्यांनी ते कापून आखूड ठेवले तरी चालतं. फक्त कातडीपर्यंत नकोत.

आता विंचरण्याचं. वरवर ब्रश फिरवला तर कुत्रं छान दिसतं, पण आत जट तशीच राहते. एका हातानं केस वर धरा आणि मुळापासून, थोडे थोडे करून, स्टीलच्या कंगव्यानं विंचरा. कानामागं, काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली जास्त गुंता होतो. जट झाली की कातडी सतत ओढली जाते, आत ओल राहते, जखम होते. कुत्रं बोलत नाही, फक्त हात लावू देत नाही. आपण म्हणतो, खोडकर झालंय.

अंघोळीआधी विंचरा. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो. जट कात्रीनं कापू नका, कारण तिच्याबरोबर कातडीही वर ओढलेली असते आणि तीच कापली जाते. थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी हळूहळू सोडवा. साबण कुत्र्याचाच वापरा, कपड्यांचा नको. नंतर मुळापर्यंत कोरडं करा.

पावसाळा सरला की आपल्या माळावर कुसळं होतात. ती लांब केसांत अडकून बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतात आणि मांसात रुततात. फिरून आल्यावर पाय आणि कान चाचपा. तेव्हाच गोचीडही बघा. कुत्रं मलूल झालं, खाईना, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर गोचीड-ताप असू शकतो. लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. गोठ्यात फवारायचं औषध मनानं त्याच्या अंगावर घालू नका.

सातारा, कऱ्हाड, सांगलीसारख्या शहरांत केस कापणारे ग्रूमर मिळतात. त्यांच्याकडं जाताना लाजू नका आणि काही लपवूही नका. कुत्रं चावतं का, कुठं गाठ किंवा जखम आहे का, रेबीजची लस कधी दिली, हे आधी सांगा. "कापा" एवढंच म्हणू नका. किती आखूड, कुठं कापायचं, कुठं नाही, हे हात लावून दाखवा. पैसे आधी ठरवा. जट जास्त असेल तर वेळ आणि पैसे जास्त लागतात. पहिल्यांदा जवळ थांबू देतात का विचारा. गुंगीचं औषध डॉक्टरांशिवाय देऊ देऊ नका. जट फार झालीय, तेवढ्या जागी अगदी आखूड करावं लागेल असं ग्रूमर म्हणाला, तर रुसू नका. रूप गेलं तरी केस पुन्हा येतात. तासभर ओढाताण करण्यापेक्षा ते बरं.

पिल्लू असल्यापासून रोज पाच मिनिटं पंजे, कान, तोंड हातात घ्या. त्याला सवय होते, मग ग्रूमरकडं ते घाबरत नाही. विंचरताना चावलं, नुसता ओरखडा आला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुना लावून बसू नका.

आज संध्याकाळी एवढंच करा. आपल्या कुत्र्याच्या कानामागं बोटं घालून बघा. गाठ लागली, तर कंगवा तिथूनच सुरू करा.